डोळ्यांना सोसेल अशी स्क्रीन

दिवाळीच्या आठवडाभर आधी माझा जुना फोन बंद पडला तो पडलाच. चार्जरला लावून बघितला, उलटासुलटा करून बघितला, पण त्याने डोळे उघडले नाहीत. मुलगी तेव्हा नुकतीच पुण्याला नोकरीला लागलेली. दिवाळीला ती डोंबिवलीला घरी आली ती हातात नव्या फोनचं खोकं घेऊनच. पहिल्या पगाराचा फोन. मी "कशाला एवढा?" म्हणत राहिले आणि ती माझ्या मागे उभी राहून, माझ्याच बोटाने तो चालू करून देत राहिली. स्क्रीन इतकी झगझगीत होती की नवऱ्याने सोफ्यावरून मान उंचावून बघितलं.

"आता आजीचा चेहरा कसा मस्त दिसेल बघ तुला," मुलगी म्हणाली.

हे तिने उगाच म्हटलं नव्हतं. माझी आई बाळकुमला असते. ठाण्याची खाडी, होड्या आणि जाळी यांवर चाललेल्या घरातली ती. उभा जन्म तिने बाजारात म्हावरा विकला. पन्नाशी उलटल्यावर तिचं ऐकू येणं कमी होत गेलं आणि सात-आठ वर्षांपूर्वी अगदीच गेलं. कानाचं मशीन लावून पाहिलं. तिला त्यात नुसता गोंगाट यायचा. दोन महिन्यांत तिने ते काढून डब्यात ठेवलं आणि स्वतःहून समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवायला शिकली. कुणी शिकवलं नाही. बाजारात सगळ्या जणी एकदम ओरडत असतात, तिथे अर्धं ओठांवरूनच कळून घ्यायचं असतं, असं ती म्हणते.

त्यामुळे साधा फोन तिच्यासाठी निरुपयोगी. तिच्याशी बोलायचं तर व्हिडिओ कॉल, नाहीतर समोर जाऊन बसायचं. भाऊ-भावजय तिच्यासोबतच राहतात, पण दोघं कामाला गेली की दिवसभर ती एकटी. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा कॉल यायचा. ती तिच्या भसाड्या, मोठ्या आवाजात बोलायची आणि मी सावकाश, ओठ नीट हलवत उत्तर द्यायची. आमच्या घरच्या बोलीत. इतरांशी बोलताना माझी ती बोली केव्हाच सुटलीय, आईशी मात्र दुसरं काही तोंडात येत नाही.

नवीन फोन आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं डोकं उठायला लागलं.

आधी वाटलं, दिवाळीची दगदग. मग वाटलं, जागरण. डाव्या भुवईच्या वर कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायचं, मग तो अंगठा आत आत जायचा. मळमळायचं, उजेड नको व्हायचा, फोडणीचा वास नको व्हायचा. नवरा बिचारा आमटी करायला शिकला त्या दिवसांत. मी पडदे ओढून आतल्या खोलीत पडून राहायची आणि बाहेर त्याच्या हातून भांडं पडलं की आवाज कवटीच्या आतून आल्यासारखा वाटायचा. वयाचं सगळं असतं असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. माझं वय सत्तेचाळीस, त्यामुळे ते कारण कुठल्याही दुखण्याला चालण्यासारखं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. नंबर बदलला नव्हता. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, आत बघितलं, म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. रडण्यासारखं काही नाही." मी रडत नव्हते. थेंबांमुळे पाणी येत होतं. मग कुणीतरी ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, हातोडीने गुडघे ठोकले, अर्धशिशी आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. एक डायरीही ठेवायला सांगितली. डोकं कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती झोप झाली, काय केलं, सगळं लिहायचं.

गोळ्यांनी झोप यायची. दुखणं थोडं बोथट व्हायचं, पण त्याबरोबर मीही बोथट व्हायची. मी माजिवड्याला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. आकडे कागदावरून बघायचे आणि कॉम्प्युटरवर चढवायचे, बारा वर्षांचं तेच काम. एके दिवशी एका बाईंच्या प्लेटलेट्स एक लाख ऐंशी हजार होत्या आणि मी अठरा हजार टाइप केल्या. एक शून्य खाल्लं. आमच्या डॉक्टर मॅडम सही करताना थांबल्या, म्हणून रिपोर्ट बाहेर गेला नाही. त्यांनी मला आत बोलावलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमच्याकडून हे होत नाही कधी," त्या म्हणाल्या. "बरं नसेल तर दोन दिवस घरी थांबा. पण इथे बसाल तेव्हा शुद्धीत बसा."

त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ आरशात बघत उभी राहिले. त्या बाईंच्या घरच्यांनी तो आकडा वाचला असता तर काय झालं असतं, याचा विचार पुढे कित्येक दिवस जाईना.

डायरी मी इमानाने लिहीत होते. महिनाभराने नवऱ्याने ती चाळली. तो एमआयडीसीत मशीन दुरुस्तीच्या खात्यात आहे, बिघाड शोधणं हाच त्याचा धंदा. पानं उलटून तो म्हणाला, "तुला दिसतंय का? सातला आईचा कॉल, आठला डोकं. सातला आईचा कॉल, साडेआठला डोकं. जवळजवळ रोज." मग हसून म्हणाला, "तुझ्या आईचा आवाजच तसा आहे बाई."

मीही हसले. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. आवाज मोठा होता, हे खरंच होतं. स्वतःला ऐकू येत नसल्याने आई भिंतीपलीकडच्याला हाक मारावी तशी बोलायची. मला वाटायला लागलं की असेलही तसं. असेल माझा जीव थकलेला, आणि आईची रोजची तीच तीच गाऱ्हाणी, टॉवरवाल्यांनी रस्ता अडवला, कोळंबीचा भाव काय झालाय, भावजय भात कच्चा ठेवते, हे सगळं माझ्या डोक्याला सोसत नसेल. आपल्याच आईशी बोलून आपलं डोकं दुखतं, हे कुणाला सांगणार? मी ते डायरीतसुद्धा नीट लिहिलं नाही. 'कॉल' एवढंच लिहायची.

आणि मी कॉल टाळायला लागले. आधी एक दिवसाआड. मग कामात आहे, बाहेर आहे, नेट नाही. फोन टेबलावर थरथरायचा, वरच्या बाजूला आईच्या फोटोतला नाकापासून खालचा अर्धा चेहरा यायचा, आणि मी बघत उभी राहायची. तो थांबला की मोकळं वाटायचं आणि लगेच त्या मोकळेपणाची लाज वाटायची.

एका रविवारी सकाळी दहाला दाराची बेल वाजली. उघडते तर आई. हातात पिशवी, कपाळावर घाम. बाळकुमहून रिक्षा, मग बस, मग पुन्हा रिक्षा करत ती एकटी आलेली. ऐकू न येणारी बाई. कंडक्टर काय बोलला, स्टॉप कुठला आला, सगळं लोकांच्या तोंडाकडे बघत बघत.

"आई! तू एकटी कशी आली?"

तिने ते वाचलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघत होती. "बाय, तुना कं झालाय?" ती दारातूनच मोठ्यांदा म्हणाली. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. "फोन उचलत नाय. मी कं केला तुजा?"

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं. पिशवीत बोंबील होते, बर्फात घालून आणलेले. ती लगेच ओट्याशी उभी राहिली, सुरी मागितली आणि साफ करता करता बोलायला लागली. दुपारी दोनपर्यंत ती बोलत होती. टॉवर, कोळंबी, भावजय, सगळं. त्याच आवाजात. माझ्या लहानशा स्वयंपाकघरात, माझ्या कानापासून हातभर अंतरावर. बोंबील तळून झाले, जेवलो, भांडी झाली.

आणि माझं डोकं दुखलं नाही.

हे मला भांडी पुसताना जाणवलं. मी तशीच हातात ताट धरून उभी राहिले. चार तास आई बोलत होती आणि माझी भुवई, कपाळ, डोळे, सगळं शांत होतं. म्हणजे दुखण्याचं कारण तिचा आवाज नव्हता. तिची गाऱ्हाणी नव्हती. आई नव्हतीच. नवऱ्याने तिला संध्याकाळी बाळकुमला नेऊन सोडलं. ती गेल्यावर मी फोन हातात घेतला, मुलीने पाठवलेले फोटो बघत बसले. वीस मिनिटांत तो अंगठा भुवईवर येऊन टेकला.

म्हणजे फोन. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी सोफ्यावर बसून रडले, कारण दीड महिना मी आईला गुन्हेगार ठरवलं होतं. आणि दुसरं म्हणजे, हा फोन मुलीच्या पहिल्या पगाराचा होता.

नवऱ्याला सांगितलं तर तो विचारात पडला. "दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतेस, तेव्हा काही होत नाही. टीव्ही बघतेस, काही होत नाही. आणि एवढ्याशा फोनने होतं?" त्याचा प्रश्न रास्त होता. मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, स्क्रीनचा वापर कमी करा, उजेड कमी ठेवा. उजेड तर मी आधीच अगदी तळाला नेऊन ठेवला होता. दुखायला लागल्यापासून मी त्या फोनकडे अंधुक खिडकीतून बघावं तशी बघत होते.

जुना फोन दुरुस्त होतो का बघावा म्हणून मी एका शनिवारी कल्याणला गेले. स्टेशनबाहेरच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले काका बसतात, लॅबमधल्या एका सहकारी बाईने सांगितलेले. एवढंसं दुकान, काचेखाली उघडे पडलेले फोन, आणि काकांच्या एका डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. त्यांनी माझा जुना फोन उघडला, दोन जागी सुई लावून बघितली आणि मान हलवली. "बोर्ड गेला ताई. यात जीव नाही आता. नवीन घेतलाय ना? मग कशाला ह्याच्यामागे?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणा परक्याला सगळं नीट सांगितलं. आईचा कॉल, भुवई, गोळ्या. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. भिंग काढून म्हणाले, "नवीन फोन द्या बघू इकडे. उजेड कमीच ठेवा, आहे तसाच."

त्यांनी स्वतःच्या फोनचा कॅमेरा चालू केला, त्यात काहीतरी बदललं आणि माझ्या फोनच्या स्क्रीनसमोर धरला. "या इकडे. बघा."

माझ्या फोनची शांत पांढरी स्क्रीन त्यांच्या फोनमध्ये शांत नव्हती. तिच्यावरून काळे आडवे पट्टे सरकत होते, एकामागून एक, वरून खाली.

"हे काय आहे?"

"ही स्क्रीन उजेड कमी करते म्हणजे खरंच मंद होत नाही," काका म्हणाले. "चालू-बंद, चालू-बंद करते. इतक्या वेगात, की आपल्याला एकसारखी दिसते. जितका उजेड कमी कराल तितका वेळ बंद जास्त. बहुतेकांना काही कळत नाही. एखाद्याच्या डोक्याला कळतं."

"म्हणजे मी उजेड कमी करत होते, तेव्हा…"

"तेव्हा जास्त त्रास ओढवून घेत होता." त्यांनी जुना फोन परत जोडून माझ्या हातात दिला. "माझ्याकडे येतात असे अधूनमधून. एक मास्तर यायचे. लोक त्यांना म्हणायचे, काम नको म्हणून डोकं दुखतं. तुम्ही जुन्या पद्धतीची स्क्रीन असलेला फोन बघा, मागून दिवा असतो ती. पण सगळ्याच चालतील असं नाही. घेऊन, वापरून बघावं लागतं."

दुरुस्ती काहीच झाली नव्हती म्हणून त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी बाहेर आले आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत बराच वेळ उभी राहिले. काही बरं झालं नव्हतं, पण माझं दुखणं खरं आहे हे मला कुणीतरी डोळ्यांनी दाखवलं होतं. दोन डॉक्टर आणि एक डायरी यांनी जे केलं नव्हतं ते त्या सरकत्या पट्ट्यांनी केलं.

पुढचे दोन महिने दुकानांत गेले. लॅब सुटल्यावर ठाण्यात एकेक दुकान. सगळीकडे तेच. मी विचारायची, जुन्या पद्धतीची स्क्रीन असलेला फोन आहे का. विकणारी मुलं चक्रावायची. "मॅडम, लोक उलटं मागतात. ती आता फक्त खालच्या मॉडेलमध्ये येते." किंवा, "हा घ्या ना, यात आय केअर मोड आहे," म्हणत स्क्रीन हळदीसारखी पिवळी करून दाखवायची. पिवळी झाली तरी पट्टे तेच. काकांनी कॅमेऱ्यात काय बदलायचं ते मला शिकवलं होतं. मुलीने दिलेल्या फोनचा कॅमेरा मी दुकानातल्या प्रत्येक फोनसमोर धरायची आणि मान हलवायची. एका दुकानातली मुलगी शेवटी म्हणाली, "काकू, तुम्ही कंपनीकडून चेकिंगला आल्यात का?"

कॅमेऱ्यावर भागत नव्हतं. मग मी दुकानात उभी राहून पंधरा-वीस मिनिटं एकाच फोनवर काहीबाही वाचायची आणि भुवई काय म्हणते त्याची वाट बघायची. लोक मागून येऊन घेऊन जायचे. मी उभी. एकदा तिथेच डोकं उठलं आणि दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. पाय दुखत, डोकं दुखत घरी यायचं, आणि नवऱ्याने "मिळाला?" असं विचारायच्या आत मान हलवायची.

शेवटी एक साधा, स्वस्तातला घेतला. कॅमेऱ्यात पट्टे नव्हते. दुकानात वीस मिनिटं काही झालं नाही. तीन दिवस झालं नाही. मी आईला सलग तीन संध्याकाळी मनसोक्त बघितलं. चौथ्या दिवशी दुखलं. पाचव्या दिवशी दुखलं. काका फोनवर म्हणाले, "सांगितलं होतं ना ताई, काही स्क्रीन रंगांतसुद्धा लुकलुकतात, ते कॅमेऱ्याला पण सापडत नाही." त्या दिवशी मी जेवले नाही. भूक होती, पण कशाचाच उत्साह उरला नव्हता. एवढी साधी गोष्ट मागत होते मी. सगळं जग रिक्षात, रांगेत, जेवताना ज्याकडे बघत बसतं, त्याकडे मला दिवसातून अर्धा तास बघायचं होतं.

मग मी एक युक्ती केली. आईला मी दिसणं गरजेचं होतं, मला ती दिसणं गरजेचं नव्हतं. मला तर ऐकू येतं. म्हणून मी वहीचं एक पान स्क्रीनच्या मापाने कापलं आणि कॅमेऱ्याचं भोक मोकळं सोडून कॉलच्या वेळी वरून टेकवायला लागले. आई पलीकडे, मी अलीकडे, मध्ये रेघांचा कागद. मी कॅमेऱ्याकडे बघून ओठ हलवायची. डोकं दुखलं नाही. चार-पाच दिवस मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

सहाव्या दिवशी आई बोलता बोलता थांबली. मी कागदाकडे बघत वाट पाहत राहिले.

"तू माज्याकरं बगत नाय," ती म्हणाली.

"बगतंय ना आई."

"नाय. मी आता हात हलवला. मी तोंड वाकडा केला. तू हसली नाय." आणि मग अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात, जो तिला स्वतःला ऐकू येत नव्हता, ती म्हणाली, "मना फसवू नको बाय. मना ऐकू येत नाय, दिसतंय सगला."

मी कागद काढला. ती पदराने डोळे पुसत होती.

पुढच्या रविवारी मी बाळकुमला गेले आणि तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. एकेक शब्द सावकाश, ओठ हलवत. दीड महिना तिच्या आवाजाला दोष दिला तेसुद्धा सांगितलं. ते सांगताना माझे ओठ नीट हलत नव्हते, तिने दोनदा परत विचारलं. कळल्यावर ती मोठ्याने हसली. "आवाज तर माजा हायच तसा. बाजारात चार दुकानांवरून गिऱ्हाईक यायचा!"

त्या दुपारी तिच्या रेशनकार्डाचं काहीतरी फोनवरून भरायचं होतं. भाऊ म्हणाला, ताई तू भर, तुला टायपिंग येतं. मी आईचा फोन घेतला. पाच-सहा वर्षांपूर्वीचा, भावाचा वापरून झालेला, कोपरा तडकलेला, हाताला जड. साइट चालेना. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. सव्वा तास मी त्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसले होते. भाऊ चहा घेऊन आला आणि म्हणाला, "झालं का? डोकं दुखलं असेल."

नव्हतं दुखलं.

मी चहा प्यायले आणि परत तो फोन घेतला. मुद्दाम उजेड अगदी कमी केला. अर्धा तास फोटो बघितले. अजून अर्धा तास. खिडकीबाहेर संध्याकाळ होत आली. भुवई गप्प होती. इतके दिवस ठाण्यातली दुकानं मी पालथी घालत होते आणि ही स्क्रीन माझ्या आईच्या उशाशी पडलेली होती.

पण ती मागायची कशी? तो फोन म्हणजे आईचे कान. मी तो हळूच उशीखाली ठेवला. आई दारातून बघत होती. तिला बहुतेक वेळा काही सांगावं लागत नाही.

"हा चालतंय तुना?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"मग घे. तो मोठा मना दे."

"आई, तुजा डोका दुखला तर? तुना मोतीबिंदू झालाय."

"दुखला तर सांगन. मी तुज्यासारखी लपवत नाय."

मुलीने दिलेला फोन आईला दिला आणि आठ दिवस मी जीव मुठीत धरून होते. भावजयीला रोज विचारायची. आईला काहीही झालं नाही. उलट तिने तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं की यात तू गोरी दिसतंस. मोठी स्क्रीन, चांगला कॅमेरा. माझे ओठ तिला आता इतके स्पष्ट दिसतात की ती पूर्वीसारखं 'कं, कं?' करत नाही. मी पुटपुटले तरी तिला कळतं. एकदा मी नवऱ्यावर वैतागून बाजूला तोंड करून काहीतरी म्हणाले, तर पलीकडून हुकूम आला, "जावयाला असा बोलू नको."

राहिली मुलगी. तिला सांगायला मी सगळ्यात जास्त घाबरले होते. ती पुण्याहून आली तेव्हा हातात जुना तडकलेला फोन बघून तिचा चेहरा पडला. मी सगळं सांगितलं.

"आई, सहा महिने? सहा महिने तू मला बोलली नाहीस?"

"तुझ्या पहिल्या पगाराचा होता गं."

"म्हणून काय तू त्याने मरायचं?" ती चिडून उठली, आतल्या खोलीत गेली, मग परत येऊन माझ्या शेजारी बसली. मांडीवर लॅपटॉप घेऊन तिने शोधायला सुरुवात केली. जगभर कुठे कुठे बसलेली माणसं हेच लिहीत होती. कुणी नोकरी बदललेली, कुणी फोनच सोडलेला, कुणी चार फोन घेऊन परत केलेले. ती वाचून दाखवत होती आणि मी डोळे मिटून ऐकत होते. इतकी माणसं आहेत हे ऐकून बरं वाटलं. त्यांच्याकडेही उपाय नव्हता हे ऐकून थकायला झालं.

आता वर्ष होत आलं. डोकं महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी उठतं, पण ते फोनचं नाही, साधं अर्धशिशीचं दुखणं आहे. उपाशी राहिले किंवा ऊन लागलं की येतं आणि गोळीने जातं. लॅबमध्ये शून्यं पुन्हा जागच्या जागी पडतात. तरी मी प्रत्येक रिपोर्ट दोनदा वाचते, ती सवय गेली नाही. डॉक्टर मॅडमना मी पट्ट्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाल्या, "आम्हाला कॉलेजात हे शिकवलं नव्हतं."

आईकडून घेतलेला जुना फोन मात्र म्हातारा होत चाललाय. बॅटरी कल्याणच्या काकांनी बदलून दिली. बँकेचं ॲप मागच्या महिन्यात बंद झालं. आता यावर चालणार नाही असा संदेश आला आणि मी पासबुक घेऊन रांगेत उभी राहायला लागले. लॅबचं हजेरीचं ॲपही कधीतरी बंद होईल. मुलगी म्हणते, आतापासूनच असाच दुसरा जुना शोधून ठेवू. ती शोधतेय. मी तिला हो म्हणते. पुन्हा दुकानांच्या पायऱ्या चढायचं त्राण माझ्यात नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी सातला कॉल आला. आई गच्चीवर होती, वारा होता, केस तोंडावर येत होते. फोन तिने इतका जवळ धरलेला की तिच्या हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके मला मोजता आले. खाडीत भरती आली होती, ती दाखवायला तिने फोन फिरवला आणि मग फिरवलेलाच विसरली. दहा मिनिटं ती मला दिसली नाही, फक्त पाणी, त्यापलीकडचे टॉवरचे दिवे आणि तिचा आवाज, कोळंबी कशी महाग झालीय ते सांगणारा. मी तिला थांबवलं नाही. थांबवता आलंही नसतं, तिला माझे ओठ दिसत नव्हते. मी कुकरची शिट्टी होईपर्यंत ऐकत बसले.